प्रेस शॉपमधली जर्मन कॅसेट

पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकून मी औरंगाबादला परत आले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही वेरूळला परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवत फिरणार. पण नोकरी लागली ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात. तिथं जर्मनीहून पत्रे दाबून घडवणारं एक अजस्र प्रेस मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक उंच, लाजाळू इंजिनिअर. त्याचं बोलणं मराठीत सांगायचं आणि आमच्या लोकांचं जर्मनमध्ये, एवढंच माझं काम.

ते वर्ष कोरडं गेलं होतं. मशीन थंड ठेवायला पाणी लागायचं आणि ते टँकरनं यायचं. जालना रोडला नव्या कॉलन्या उठत होत्या. त्यांची बांधकामं आणि आमचं मशीन एकाच टँकरची वाट बघायची. टँकर चुकला की काम बंद. मग तो जर्मन साहेब, मी आणि कन्नडहून येणारे आमचे प्रेस ऑपरेटर मामा, असे तिघं शेडमध्ये बसून राहायचो.

अशाच एका दुपारी साहेबानं आपल्या दोन कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट लावली. धाड्-धाड्-धाड्-धाड्. मधेच लोखंड घासल्याचा आवाज, वाफ सुटल्यासारखी फुस्स, आणि पुन्हा धाड्-धाड्.

मामांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "ताई, त्यायला विचारा, हे कोणत्या कारखान्यातलं रेकॉर्डिंग हाये?"

मी भीतभीतच भाषांतर केलं. साहेब तर खूशच झाला! म्हणाला, त्यांच्याकडे काही पोरांनी खरोखरच पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन स्टेजवर नेऊन वाजवली होती. पुढं त्यात यंत्रातून वाजणारे ढोल आले, लोक नाचायला लागले. मग बर्लिनची भिंत पडली, पूर्वेकडचे कारखाने ओस पडले आणि पोरांनी आत स्पीकर नेऊन ठेवले. त्या संगीताला ते टेक्नो म्हणत.

"म्हंजे कारखाना बंद पडला की हे लोक आत जाऊन नाचतेत?" मामांनी विचारलं.

"हो."

"आन् घरचे काय म्हनत नाय?"

साहेब म्हणाला, "आई विचारते, रेडिओ बिघडला का?"

मामांना ती बाई एकदम पटली. "लई शहाणी माउली. पण चार ठोके मारून हे गप का बसतं? मधली जागा रिकामीच सोडली की!"

त्यांनी भंगारातला एक पत्रा ओढला, नट आवळायचे दोन पाने उचलले आणि कॅसेटच्या ठोक्यांमध्ये हलगीचा ताल भरला. साहेब ताडकन उठला. त्यानं दुसरी कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि जाड बूट आपटत नाचायला लागला. आजूबाजूच्या मशीनवरचे लोक जमले. नेमके तेव्हाच मॅनेजर आले.

"काय चाललंय हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साहेबाला जर्मनमध्ये म्हटलं, "काहीतरी लांबलचक बोला, तोंड गंभीर ठेवा."

त्यानं ठेवलं. म्हणाला, "हा माणूस मला द्या. मी याला माझ्याबरोबर घेऊन जातो, आमच्याकडे असा वाजवणारा कुणी नाही."

"सर," मी म्हणाले, "ते म्हणतायत, बेअरिंगचा आवाज तपासावा लागेल."

मॅनेजरांनी मान डोलावली. "तपासा, तपासा." नोकरीत मी केलेलं हे एकमेव चुकीचं भाषांतर.

मशीन सुरू झालं, साहेब गेला. काही महिन्यांनी एक पाकीट आलं. आत कॅसेट होती: यंत्राचे ठोके आणि त्यावर मामांचा पत्रा. चिठ्ठीत लिहिलं होतं, मित्रांनी यावर नाच केला, पण वाजवणारा प्रेस ऑपरेटर आहे हे कुणी मानायला तयार नाही.

मामांनी ती कॅसेट पुतण्याच्या लग्नात नेली. मलाही आग्रहानं बोलावलं. वरातीत ती भोंग्यावर लागली आणि सगळी वरात जागच्या जागी उभी राहिली.

"अरे, टेप अडकली बघ!" कुणीतरी ओरडलं.

मामांचा चेहरा पडला. मी काही बोलणार, तोच नवरदेवाच्या आत्याबाईंनी पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि मारुतीचं देऊळ येईपर्यंत खाली म्हणून घेतले नाहीत.