दहावा भाग

पंचफुला, दहाव्या भागाबद्दल तुझं मत अजून यायचं आहे. आधीच्या नऊ भागांवरची मतं मला तोंडपाठ आहेत, त्यातली निम्मी छापण्यासारखी नाहीत. आता मी बोलते आहे, तर मध्ये तोंड घालू नकोस. त्या खोडीने एकदा व्हायचं ते नुकसान झालंय. वाचणाऱ्यांसाठी तुला 'ती' म्हणते आणि मलाही नुसती चारुशीला. म्हणजे माझी लुडबुड कमी.

एकसष्ट साली पंचफुला अकोल्याच्या टेलिफोन कचेरीत परगावचे फोन जोडायला ट्रंक बोर्डावर बसायची, चारुशीला अमरावतीच्या. रोज बोलायच्या, पण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बोर्डावर नावं नसायची. एक 'अकोला', दुसरी 'अमरावती'. जरा सवड झाली की कानात आवाज यायचा, "काय वं अमरावती, वाचला का?"

म्हणजे 'तांबडा कंदील'. महिन्याला एक भाग निघणारी रहस्यमाला. पंचफुलाचा त्यावर जीव, म्हणूनच तिच्या तोंडून त्या मालेची धडगत नसे. "सातवा चांगला होता. आठव्यात नुसते जिने चढून राहिले. अन् नववा? हेर विश्वंभराच्या खांद्यात गोळी, दुसऱ्या दिवशी गडी घोड्यावर. माह्या बापाचा खांदा उतरला तं दोन महिने हात वर नाही गेला. अन् ते हेमलता! दर भागात बेशुद्ध पडते. तिले कोणी पोटभर जेवू घाला न बाप्पा."

तिचा बाप डोमाजी कापसाच्या जिनिंग कारखान्यात ओझी वाहायचा. वस्तीतली ती पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, पण नोकरी अजून कच्ची होती. कायम होण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता आणि डोमाजी रोज संध्याकाळी एकच विचारी, "आला का वं कागद?"

असं असताना एका दुपारी चारुशीलाशी बोलायच्या नादात पंचफुला गिऱ्हाइकाची लाइन तोडायची विसरली. अमरावतीचा एक कापसाचा दलाल अकोल्याचा भाव ऐकायला ताटकळत होता. त्याच्या कानावर भाव आला नाही, बाईच्या आवाजात आलं, "विष तं घातलं, आता प्रेत कुठी नेऊन राहिला?" दलाल घाबरला, मग चिडला आणि त्याने तक्रार ठोकली.

पुढचं पंचफुलाने नंतर चारुशीलाला लाइनवर सांगितलं, तेही दबक्या आवाजात.

सुपरवायझर भगवंतरावांनी अकोल्याच्या सगळ्या मुलींना टेबलासमोर उभं केलं. "कोण बोलत होतं?" कोणी हललं नाही. शेजारची शालू पंचफुलाची जिवाभावाची. ती जमिनीकडे बघत राहिली. एवढं निभावलं की झालं, हे पंचफुलाला कळत होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

"खून-बिन काही नाही, गोष्ट आहे ती," भगवंतराव म्हणाले. "आमच्या घरी वाचतात. तो मुनीम डॉक्टरला विष देतो."

डॉक्टर मुनिमाला देतो. पंचफुलाने पदराचं टोक मुठीत धरलं.

"मग तो हेर, काय त्याचं, विश्वनाथ..."

विश्वंभर. शालूने तिचा पाय हळूच दाबला.

"आणि शेवटी म्हणे त्या हेमलतेनेच प्रेत विहिरीत टाकलं."

"हेमलता तवा बेशुद्ध होती, साहेब," पंचफुला म्हणाली.

भगवंतरावांनी टोपणाने पेन बंद केलं, परत उघडलं. "सगळे भाग वाचलेस?"

"आठ आवडीनं. नववा नाइलाजानं."

"नाही म्हणाली असतीस आणि मग सापडली असतीस, तर घरी पाठवलं असतं. आता अकोटला जा. सोमवारी हजर हो. कायम होण्याचं पुढे बघू."

अकोटचं बोर्ड लहान. तिथून अमरावतीला बोलायचं तर मध्ये अकोला असणारच, आणि कोणी ना कोणी ऐकणारच. म्हणजे गप्पा संपल्या.

शेवटच्या, दहाव्या भागाचं मात्र आधीच ठरलेलं होतं. तो अमरावतीत आधी मिळायचा. चारुशीला रविवारी मावशीकडे अकोल्याला येणार होती. फलाटावर भाग हातात धरून उभी राहणार होती. "मी पुस्तक आधी ओळखतो, माणूस मंग," पंचफुला म्हणाली होती.

चारुशीला उभी राहिली. गाडी गेली, हमाल गेले, फलाट रिकामा झाला. पंचफुला नाही आली. अकोटची दुपारची बस रद्द झाली म्हणून डोमाजीने तिला ट्रंकेसकट सकाळच्याच बसमध्ये बसवलं होतं.

सोमवारी चारुशीलाने बोर्डावर विचारलं, "अकोला?"

"हो, अकोला," शालूचा आवाज आला. मग हळूच, "अकोटचा निरोप हाये. पोस्टानं नको धाडू म्हणते, फाटते. कायम झाली का मी स्वतः येतो घ्यायले."

पंचफुला आलीच नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात चारुशीलाची बदली नागपूरला झाली. भाग तिने सोबत नेला.