मेलेल्यांचा चिटणीस

फिशल लाखमानला पोलिश मुलखातल्या आमच्या ग्लिनोव्ह गावात कुणी काडीची किंमत दिली नसती. मी त्याच गावची, त्याच्याच गल्लीतली, म्हणून सांगते. त्याचा बाप बाजाराच्या दिवशी पिंपातल्या खारवलेल्या काकड्या विकायचा आणि हा पिंपाशेजारी उभा राहून माश्या मारायचा. अभ्यासात डोकं नाही, धंद्यात हात नाही, प्रार्थनेत सूर नाही. प्रार्थनाघरात त्याला एकच काम देत, अंगणातल्या बकऱ्या हाकलायचं, आणि त्यातही एकदा बकरीनंच त्याला हाकललं होतं. पस्तीस साली तो इकडे तेल अवीवकडे आला, त्याच्या पुढच्या वर्षी मी आले. मग युद्ध आलं. गावातले शहाणे, श्रीमंत, गाणारे, भांडणारे, सगळे एका उन्हाळ्यात जर्मनांनी मारले. उरलो ते आधीच निघून आलेले आणि कुठे कुठे लपून वाचलेले, मूठभर. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा फिशल आमच्या ग्लिनोव्हकर मंडळाचा चिटणीस झाला.

दिवसा तो बसकंपनीत तिकीट तपासनीस होता आणि संध्याकाळी घरी येऊन मेलेल्यांची तिकिटं तपासायचा. तेल अवीवशेजारी होलोनमध्ये त्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत तो झोपायचा, दुसरीत ग्लिनोव्ह. कपाटात, कपाटावर, खिडकीत, खुर्च्यांवर आमच्या गावचे कागद, फोटो, पत्रं. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "मंडळाच्या कामातून वेळ कुठे मिळाला?" मुलगी मिळाली नव्हती, हे खरं.

शनिवारी शब्बाथची दुपारची झोप आटोपली की हा कुणाच्या तरी दारात उभा. बोलावणं लागत नसे. लिंबाचा चहा प्यायचा, केकचे दोन तुकडे रिचवायचा आणि मग घसा खाकरायचा. माझ्याकडेही आला.

"हेनयाबाई, तुमच्या वडिलांची पत्रं आहेत म्हणे तुमच्याकडे."

"आहेत. तुम्हाला काय करायचंय?"

"उद्या घराला आग लागली म्हणजे? माझ्याकडे द्या. मंडळाकडे सुरक्षित राहतील."

"मंडळाला आग लागत नाही वाटतं?"

"मंडळाच्या वस्तूंवर माझं लक्ष असतं."

मी दिली नाहीत. पण बाकीच्यांनी दिली, आणि मी त्यांना दोष देत नाही. असली पाकिटं घरात ठेवली की रात्री झोप लागत नाही, आणि टाकून दिली तर दिवसा तोंड दाखवता येत नाही. कुणी मागायला आला की लोकांना सुटल्यासारखं व्हायचं.

आता जर्मनांच्या हातून सुटलेल्या कागदांचं चिटणिसाच्या हाती काय झालं, ते ऐका. आगीतून फुफाट्यात. त्याच्याकडे एक गोल शिक्का होता, जांभळ्या शाईचा. आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो उमटवायचा, आणि मागे उमटवला तर दिसणार कसा, म्हणून पुढून. आमच्या रब्बींच्या सुनेचा लग्नातला फोटो आहे, त्यात शिक्का बरोबर तिच्या गालावर, नवऱ्यानं पहिल्याच दिवशी हाणल्यासारखा. पत्रांना फाइलसाठी भोकं पाडायचा. एकात लिहिलंय, "प्रिय भाऊ, आम्ही सगळे", आणि पुढे भोक. ते सगळे काय होते, देव जाणे.

ध्वनिमुद्रणाचं यंत्रही घेतलं मंडळानं. बेकरीवाली म्हातारी टोयबे त्यात गायली होती, पीठ मळताना आमच्याकडे बायका गात ती गाणी. ती गाणी येणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. पुढच्या स्मरणसभेत फिशलनं त्याच फितीवर स्वतःचं भाषण भरलं, नवी फीत उघडायचा कंटाळा. त्यानंतर टोयबे वारली. आता यंत्र लावलं की फिशल खाकरतो, फिशल बोलतो, फिशलच्या डोळ्यांत पाणी येतं तेही ऐकू येतं, आणि अगदी शेवटी म्हातारीचं एवढंच, "झालं का रे बाबा?"

तेव्हा गावोगावची मंडळं आपापल्या गावाचं स्मरणाचं पुस्तक काढत होती. आमच्या लोकांनाही हौस आली. त्यातच एक बातमी पसरली. दुसऱ्या कुठल्याशा गावाच्या पुस्तकात एका जिवंत माणसाचा फोटो चुकून मेलेल्यांत छापला, आणि महिना उलटायच्या आत तो बसखाली आला. झालं! आमच्या बैठकीत नुसती थू थू थू. छळछावणीतून चालत घरी आलेली माणसं, पण दृष्टीला भिणारी.

"माझा फोटो त्या पुस्तकात नको!" श्मेर्ल खाटीक ओरडला. "माझी पोरं लहान आहेत."

"माझा पण नको."

"पण फोटोत तू तर तुझ्या भावाशेजारी बसलायस. भावाचा फोटो नको का छापायला?"

"भावाचा हवा. मी नको."

प्रत्येक फोटोचं तसंच. मेलेले आणि जिवंत एकाच बाकावर बसलेले. फोटो काढताना कुणाला ठाऊक होतं? मी बाहेर मधाचा केक कापत होते. आत आले तेव्हा ठराव पास होऊन हात खालीही आले होते. पुस्तकात फक्त मेलेले जातील आणि त्यांना वेगळं करायचं काम चिटणीस करतील.

मी म्हटलं, "अहो, छापताना बाकीच्यांवर कागद ठेवून झाका. मूळ फोटो कापता कशाला?"

फिशल म्हणाला, "हेनयाबाई, तुम्ही केक कापा."

अख्खा हिवाळा तो नखं कापायच्या कात्रीनं ग्लिनोव्ह कापत बसला. चेहरे अंडाकृती कापायचा, कारण अंडाकृती चेहऱ्याला म्हणे भारदस्तपणा येतो.

साठ साली पुस्तक आलं. तेल अवीवच्या सभागृहात स्मरणसभेच्या दिवशी वाटलं. टोपलीत अंडी मांडावीत तशी पानापानावर माणसं. लोकांनी आधी आपला मामा शोधला, दुसऱ्याचा मामा मोठा छापला म्हणून कुरकुर केली आणि मग खारवलेल्या हेरिंग माशांच्या ताटांकडे वळले.

माझ्या शेजारी पेर्ल बसली होती. अफुलाच्या इस्पितळात परिचारिका, विशीतली, बोलायला कमी. तिचा बाप मोत्ये चांभार, आई पेसिया. जर्मन गाव रिकामं करायला लागले तेव्हा पेसियानं या पोरीला एका पोलिश धोबिणीच्या हवाली केलं. पोर तीन वर्षांची होती. युद्धानंतर अनाथाश्रम, मग जहाज. आईचं नाव तेवढं धोबिणीनं सांगून ठेवलं होतं. चेहरा तिला आठवत नव्हता. लहानपणचा स्वतःचा एक फोटोही तिच्याजवळ नव्हता.

तिनं पान उलटलं आणि थांबली. अंड्याखाली छापलं होतं, "पेसिया, मोत्ये चांभाराची बायको. फोटो दीर झान्व्हलकडून, ब्युनोस आयर्स." तो झान्व्हलही फोटो पाठवून पुढच्याच वर्षी वारला होता.

पेर्ल पुष्कळ वेळ बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "मावशी, हिचे डोळे मिटलेत."

मी चष्मा लावला. खरंच. ताठ मान, सरळ चेहरा आणि खाली आलेल्या पापण्या.

"मेल्यावर काढलाय का हा?"

"छे गं! आपल्याकडे मेलेल्यांचे फोटो कोण काढतं? आणि तुझ्या आईला मी चांगली ओळखायचे. सतत बडबड, सतत इकडे बघ तिकडे बघ. ती झोपेत तरी डोळे मिटत होती का, मला शंका आहे."

"मग अशी का दिसते?"

ते मलाही कळेना. तिला म्हटलं, चल, ज्यानं कापलीय त्यालाच विचारू.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी होलोनला गेलो. फिशल कोट घालूनच बसला होता. त्याला वाटलं, पोरगी पुस्तकाबद्दल आभार मानायला आली.

"ही बघ तुझी आई," असं म्हणून त्यानं एक पुठ्ठा काढला. त्यावर चिकटवलेलं अंडं, आणि पुठ्ठ्यावर जांभळा शिक्का. या एका ठिकाणी चेहऱ्यावर नव्हता, एवढीच देवाची कृपा.

पेर्ल म्हणाली, "अख्खा फोटो बघायचाय मला."

"अख्खा आता कुठला?"

"अख्खा होता तेव्हा त्यात काय होतं?"

"तू होतीस. आईच्या मांडीवर." फिशलची छाती फुगली. "म्हणून तर कापली. जिवंत पोर मेलेल्यांच्या पुस्तकात घालू? थू थू थू! मीच वेगळी केली तुला. एकशे वीस वर्षं जग, पोरी."

पेर्ल खुर्चीवर बसली. खुर्चीवर कागदांचा गठ्ठा होता, त्याच्यासकट बसली.

"मग मी कुठे आहे?" तिनं विचारलं.

फिशलला प्रश्नच कळला नाही. माझं डोकं फिरलं.

"अहो चिटणीस, पोर विचारतेय ती कुठे आहे! टाकलीत का कचऱ्यात?"

आता मात्र तो खरोखर दुखावला. "जिवंत माणसाचं चित्र टाकायचं? फाडायचं? मी खुनी आहे का, हेनयाबाई? जिवंतांना मी नीट जपून ठेवलंय."

"मग आजवर सांगितलं का नाहीत?"

"कुणी मागितलेच नाहीत जिवंत. सगळ्यांना मेलेलेच हवे असतात."

पलंगाखालून त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला आणि मी तो सरळ त्याच्या चादरीवर पालथा केला. काय सांगू! भोकं पडलेली लग्नं. नवरी असायची तिथे भोक आणि शेजारी ऐटीत उभा असलेला आमचा श्मेर्ल खाटीक, तरणाबांड. शाळेच्या फोटोत दोन पोरं आणि बाकी सगळी भोकंच भोकं. मांडीवरची बाळं तर किती तरी.

"यातली मी कुठली?" पेर्लनं विचारलं.

"आता मी कसं सांगू? पोरं सगळी सारखीच."

"नाव लिहिलं नाहीत मागे?"

"नावं मेलेल्यांची लिहितात," फिशल म्हणाला, मूर्खाला समजवावं तसं.

पेर्ल रडली नाही. तिनं पुठ्ठा उचलला आणि नखानं आईचं अंडं सोडवायला लागली.

"अगं अगं! ती मंडळाची मालमत्ता आहे!"

"गप बसा हो," मी म्हटलं.

अंडं सुटलं. इस्पितळात जखमेवरची पट्टी काढत असेल तसं तिनं ते अलगद काढलं होतं. मग एकेक फोटो समोर घेऊन ती ते भोकात बसवून बघायला लागली. कुठे मोठं, कुठे लहान. एका बाईच्या खांद्यावर ते जवळजवळ बसलं, पण त्या बाईच्या अंगावर रेशीम होतं. चांभाराच्या बायकोला कुठलं रेशीम? मी मान हलवली. फिशल कोटाची बटणं चाचपत उभा होता.

चौकड्यांची शाल घेतलेली एक बाई निघाली. मांडीवर पांढऱ्या टोपड्यातलं बाळ, त्याची मूठ शालीच्या टोकाला घट्ट. बाईचे दोन्ही हात बाळाभोवती. वर भोक. पेर्लनं अंडं ठेवलं. बसेना. कडा एकमेकींवर चढत होत्या. तिनं ते उचललं, पुन्हा ठेवलं. मग सहज बोटानं थोडं फिरवलं, एका बाजूला कललं, आणि ते आत गेलं. केसांची रेघ शालीला जाऊन मिळाली.

पेसियाचे डोळे मिटलेले नव्हते. ती मान कलती करून खाली बघत होती, टोपड्यातल्या पोरीकडे.

फिशलनं पेर्लच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"मान वाकडी होती," तो म्हणाला. "मी सरळ करून चिकटवली. पुस्तकात वाकडी मान बरी दिसत नाही."

मग चिटणीस भानावर आला. "तुझा तुकडा घेऊन जा, पोरी. जिवंत तुझे, त्याला माझी ना नाही. चेहरा मात्र मंडळाचा. तो इथेच राहील." आणि अंडं उचलायला त्यानं बोट पुढे केलं.

पेर्लनं त्याचं मनगट धरलं.

"हात काढा," ती म्हणाली. "ती माझ्याकडे बघतेय."