अर्बाबच्या हातातला ग्लास

माल्ट, म्हणजे कोंब आणून वाळवलेले जव, माझ्या हातचं. भरडलंही मीच. गाळायचं भांडं मी बनवलं, एसीच्या उरलेल्या तांब्याच्या पाइपची कूलिंग कॉइल मी वळवली, फ्रिजचा थर्मोस्टॅट मी बदलला... हॉप्स तेवढे विकतचे. ती फुलं मस्कतच्या उन्हात उगवत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

परवा शुक्रवारी अझैबात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर लेकीचा, रेचलचा साखरपुडा झाला. या सगळ्या खटाटोपाची परीक्षा त्याच संध्याकाळी होती.

आम्ही वसईचे. आमच्यात टोस्ट झाल्याशिवाय साखरपुडा झाला असं कोणी मानत नाही. सगळे उभे राहतात, सगळ्यांचे ग्लास वर जातात... आणि आमचे अर्बाब, मी काम करतो त्या एसी कंपनीचे मालक सालेम, दर वेळी नेमके तेव्हाच फोन कानाला लावून कठड्याकडे जातात. ते पीत नाहीत. आणि टोस्टला पाणी उचलणं अपशकुन, असं माझ्या सासूबाईंनी त्यांना एकदा तोंडावर सांगून ठेवलंय!

रेचल जन्मली तेव्हा लीनाला, माझ्या बायकोला, याच माणसाने स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं होतं. तिच्या टोस्टला तो कठड्याशी उभा राहणार? मला ते चालणार नव्हतं.

म्हणून ठरवलं... सगळ्यांना एकच पेय. चव पेल एलची, म्हणजे हॉप्सचा भरपूर वास असलेल्या फिक्या बिअरची. तोच कडवटपणा, तोच संत्र्याच्या सालीसारखा दरवळ. पण नशा शून्य. घरी बिअर करणं इथल्या कायद्यात बसतही नाही, आणि मला नियमात बसूनच जिंकायचं होतं.

जव आणले खाबुऱ्याच्या बाजारातून, गुरांच्या चाऱ्याच्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं, बकऱ्या किती? म्हटलं, एकच... मीच.

पहिला घाणा वाया गेला. आपल्याला मोड म्हणजे मटकीचे ठाऊक. मी फडक्यात बांधून छान लांब मोड आणले, आणि दाण्यातला सगळा गोडवा मोडांनीच खाऊन टाकला. माल्टसाठी कोंब दाण्याच्या आतच, दाण्याएवढा वाढला की तिथेच थांबवायचा असतो. लीना म्हणाली, "आता निदान उसळ तरी होऊ दे!"

दुसऱ्या वेळी जमलं. जुलैत गच्चीवर चादर पसरली की वेगळी भट्टी कशाला हवी? उन्हात वाळलेलं माल्ट रंगाला फिकं राहिलं, मला हवं होतं तसंच.

खरी युक्ती पुढे आहे. भरड गरम पाण्यात न टाकता बर्फासारख्या गार पाण्यात भिजवायची. चव उतरते, साखर फारशी उतरत नाही. मग ते पाणी गाळून उकळायचं, आच बंद करून, थोडं निवल्यावर हॉप्स... उकळत्यात टाकले तर वास वाफेबरोबर जातो. आंबटपणाला लुमी, म्हणजे इथलं वाळवलेलं लिंबू. कॉइलने झटकन गार करून फ्रिजमध्ये, आणि सिलिंडरने सोड्याचा गॅस भरायचा. यीस्टचा कण नाही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. इतक्या खटपटीने मिळवलेली गोष्ट फुकट कशाला वाटू? मेहुण्याने खोदून खोदून विचारलं, शेवटी वैतागून म्हणाला, "साखरपुड्याला सरबत! भावोजी, वसईत तोंड दाखवायला जागा ठेवा."

संध्याकाळी ग्लास भरले. वर पांढराशुभ्र फेस. माझ्या मामांनी टोस्ट म्हटला, सगळे हात वर गेले. अर्बाबही उभे, हातात माझा ग्लास... त्यांनी तो नाकाशी नेला आणि थांबले.

"विल्सन," ते हळूच म्हणाले, "ये तो बीरा है."

रेचल माझ्याकडे बघतेय. बाटलीवर लेबल असतं तर प्रश्नच नव्हता. इथे लेबल म्हणजे फक्त माझी जीभ.

मग मी सगळं सांगितलं. जवापासून गॅसपर्यंत, सगळ्यांसमोर, मोडक्यातोडक्या हिंदीत. मामांचा हात बिचारा वरच!

"खमीर?" अर्बाबनी विचारलं, म्हणजे यीस्ट.

"नाही अर्बाब. उकळलं, आणि तेव्हापासून फ्रिजमध्ये. थर्मोस्टॅट मी लावलाय. तुमच्या कोल्ड स्टोरेजमधली सगळी मच्छी माझ्याच थर्मोस्टॅटवर आहे ना?"

ते हसले. "और ये खट्टा?"

"लुमी. तुमच्या इब्रा गावच्या बागेतले. दर वर्षी पिशवी भरून देता ते."

"अरे, अपना लुमी!" म्हणाले, बिस्मिल्ला म्हटलं, आणि ग्लास उंच धरला. रेचलच्या ग्लासला टेकवला... मग एका दमात अर्धा रिकामा.

मेहुण्याने तीन ग्लास घेतले, हे नोंदवून ठेवतो. सासूबाईंनी अर्बाबना दुसऱ्यांदा मटण स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी एक कॅफेवाले घरी आले. कृती हवी, पण एका अटीवर... ती फक्त त्यांचीच, मी पुन्हा कोणाला सांगायची नाही. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर मी नाचलो असतो.

पण ती कृती लेकीच्या टोस्टला भर गच्चीत सांगून झाली होती. ती आता परत खिशात कशी घालू? म्हणून वर तुम्हालाही सगळी लिहून दिलीय, करून बघा.

त्यांना चहा पाजला आणि नको म्हटलं. दोन हजार ओमानी रियाल, म्हणजे चार लाखांवर रुपये, देत होते.