अक्काने वाचलेली माझी वही

हे लिहावं की नाही, याचा विचार मी बरेच महिने करत होते. देवीने मला काय दिलं ते सांगायचं, तर मी काय केलं होतं तेही सांगावं लागतं, आणि ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही. लोक भेटले की म्हणतात, "ताई, तुमचा आवाज गेला होता, देवीने परत दिला." मी नुसता नमस्कार करते. मला विचाराल तर तिची कृपा आवाज परत मिळाला तेव्हा नाही, तो गेला तेव्हा झाली.

आम्ही दोघी बहिणी लासुर्ण्याच्या. आई उसात खुरपायला जायची आणि खुरपता खुरपता देवीची गाणी म्हणायची. काही ऐकलेली, काही तिने स्वतः जुळवलेली. तिच्यामागे ती गाणी आम्ही गायला लागलो. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी पुढे उभी राहून कडवं म्हणायची, ती मागे बसून दिमडी वाजवायची आणि झील धरायची. पुढचीची ओळ संपते तिथे ती उचलून धरायची, म्हणजे पुढचीला श्वास घ्यायला जागा मिळते, ती झील. अक्काचा आवाज जाड, घागरीतून आल्यासारखा. इंदापूर-बारामतीच्या गावांतून नवरात्रात आम्हाला बोलावणं यायचं. बोर्डावर नुसतं "लासुर्ण्याच्या बहिणी" लिहिलेलं असायचं, तेवढ्यावर मांडव भरायचा. वीसेक वर्षं असं चाललं.

चाळिशी ओलांडल्यावर अक्काला कोड फुटलं. आधी बोटांवर, मग ओठाच्या कडेला, मग गालावर. तिने पदर जरा पुढे ओढला आणि गात राहिली. मी मात्र समोरच्या बायकांच्या नजरा बघायला लागले.

त्याच सुमारास बारामतीतल्या एका स्टुडिओवाल्याने आईच्या एका गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. देवी माहेरी निघते आणि वाटेत तिची थोरली बहीण तिला पाणी पाजते, असं ते गाणं. बोलणी करायला मी एकटी गेले होते. तो म्हणाला, "ताई, तुम्ही छान दिसाल. मोठ्या ताईंचं जरा... कॅमेऱ्यात डाग उठून दिसतात. झील आमच्याकडची एक मुलगी धरेल." तिथून मी उठून यायला हवं होतं. मी चहा संपवला आणि "बरं" म्हणाले. अक्काला सांगितलं, ते काम रद्द झालं. ती म्हणाली, "जाऊं दे. देवीच्या मनात नसंल." देवीचं नाव तिच्या तोंडून ऐकूनही खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही.

व्हिडिओ आला तो अक्काने एका बारशात, नात्यातल्या सुनेच्या फोनवर पाहिला. मी शेजारीच बसले होते. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "चांगलं झालंय." पुढच्या कार्यक्रमाला तिला न्यायला गेले, तर म्हणाली, "माझा गळा उतरलाय आता. तू जा." मी एकदासुद्धा आग्रह केला नाही. खरं लिहायचं म्हणून लिहिते, त्या दिवशी जळोचीच्या तिच्या घरातून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं. व्हिडिओपेक्षाही मला त्या सुटकेची जास्त लाज वाटते.

पुढची दोन वर्षं मी एकटी गायले. ती स्टुडिओतली मुलगी काही गावोगाव येणार नव्हती. झील धरायला कोणी नाही, म्हणून कडवं आणि झील दोन्ही मीच ओढायची. घसा बसायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर सूज आहे, महिनाभर बोलूसुद्धा नका. समोर नवरात्र होतं. मी देवीपुढे हात जोडले आणि म्हणाले, एवढे नऊ दिवस माझा आवाज राख. तेव्हाही मी आवाज "माझा"च म्हणत होते.

पाचव्या माळेला कळस गावात कार्यक्रम होता. दुपारचे चार वाजलेले, मांडवात सगळ्या बायकाच. तिसरं गाणं आईचं. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. घोगरासुद्धा नाही, नुसती हवा. पेटीवाला थांबला, माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मागून, खांबाजवळून एक आवाज उठला. जाड आणि सावकाश. मी सोडलेली ओळ त्याने उचलली. क्षणभर मला वाटलं, अक्का आली. पण ती एक म्हातारी होती, डोक्यावरून पदर घेतलेली, मी कधी न पाहिलेली. अक्का जिथे थांबायची तिथे ती थांबत होती, अक्का जिथे सूर वळवायची तिथे वळवत होती. मग तिच्या शेजारच्या दोघींनी साथ दिली, मग सगळ्या मांडवाने. गाणं पूर्ण झालं. मी स्टेजवर नुसती उभी होते.

खाली उतरून मी तिच्याकडे गेले, तिच्या पाया पडले. तिने माझा हात धरला. म्हणाली, "दहा-बारा वर्षं झाली असतील बघ. माझी लेक बाळंतपणात गेली, त्या साली तुमी दोघी हितं आला व्हता. मला तर जगावंसं वाटत नव्हतं. तुझी भैन मागनं म्हणत व्हती ना, त्या आवाजाला धरून बसले मी. घरी गेल्यावर तेच म्हणत राहिले. आज तुझ्या मागं कुणीच न्हाय असं दिसलं, मग म्या म्हणलं." मग तिने माझ्या मागे पाहिलं. "कुठं हाय ती? हाय न्हवं?"

मी मान हलवली, हो.

"मग आणली का न्हाईस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरं तयार होती. दोन वर्षं मी सगळ्यांना तीच देत आले होते. तिची तब्येत बरी नसते, तिला आता झेपत नाही, नातवंडांत रमली आहे. तोंड उघडलं, पण एकही शब्द बाहेर पडेना. ती वाट बघत होती. खोटं बोलायचीही सोय राहिली नव्हती. मी तिच्यापुढे उभी राहून रडले.

उरलेले कार्यक्रम रद्द केले. डॉक्टर रागावले, दोन महिने पूर्ण मौन म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जळोचीला गेले. जाताना एका वहीत सगळं लिहून नेलं होतं, स्टुडिओवाला काय म्हणाला, मी काय म्हणाले, तिला काय सांगितलं. अक्का ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी वही तिच्यापुढे धरली. माझ्या मनात होतं, ती वाचेल आणि मी खाली बघत बसेन. पण अक्का चौथी शिकलेली, मनात वाचायची तिला सवयच नाही. तिने चष्मा लावला, अक्षरांवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. "मी... तुला... खो... खोटं... बोलले." एकेक अक्षर जुळवत. "तुझ्या... डा... डागांची... मला... लाज... वाटली." मला तिला थांबवताही येईना. माझी करणी मी तिच्या आवाजात, शब्दाशब्दाला थांबत, शेवटपर्यंत ऐकली.

वाचून झाल्यावर तिने वही मिटली. म्हणाली, "मला ठाऊक व्हतं की गं. त्या श्टुडिओतल्या पोरीनं मला फोन केला व्हता, रेकॉर्डिंगच्या आधी. म्हणली, मावशी, झील बसंना, कशी धरायची सांगा. तीन दिवस फोनवर शिकवली तिला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने माझा प्रश्न ओळखला.

"गाणं आईचं हाय. तुझ्यावर रागवून ते कशाला बिघडवू?" मग तिने शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "राग हाय मला. न्हाय असं न्हाय. जाईल तवा जाईल. हितं बस अन् ह्या मोड."

दोन महिने मी रोज तिच्याकडे जात राहिले. मी मुकी, ती बोलणारी. कधी नव्हे ती मी तिचं ऐकत होते. आईची कितीतरी गाणी तिला येत होती, जी मी कधी विचारलीच नव्हती. कळसला निरोप पाठवून त्या म्हातारीची चौकशी केली. कोणी म्हणालं, अमक्याची सासू, तमक्यांकडे चार दिवस आली होती. नक्की कोणालाच सांगता आलं नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. ती त्या खांबाजवळ बसली होती, एवढं मला पुरतं.

माझा आवाज आला, पण वरचे सूर गेले ते गेलेच. चैत्रात देवीच्या यात्रेत अक्का पुढे उभी राहिली. तिने पदर मागे सारला होता. मी मागे बसले आणि झील धरली. पहिल्यांदा मला कळलं, तिथे बसून पुढचीचा श्वास कुठे संपतो याकडेच कान लावून ठेवावे लागतात. स्वतःकडे लक्ष द्यायला तिथे सवडच नसते. वीस वर्षं अक्काने हेच केलं होतं.

आता देवीपुढे उभी राहते तेव्हा काही राखून ठेव असं म्हणत नाही. जे तुझं आहे ते तू हवं तेव्हा ने, म्हणते. एकच मागणं उरलं आहे, ते तिला संकोचानेच सांगते. अक्काचा राग निवला तरी माझी लाज मात्र राहू दे.