पांढऱ्या पट्टीचे सुभेदार

मागून खांद्यावर दोन बोटं टेकायची. टोचायची नाहीत, दाबायची नाहीत, नुसती टेकायची. आणि पाठोपाठ आवाज यायचा, "मास्तर, तुम्ही गेलात. आता कोण?"

पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या हातात कात्री होती आणि कात्रीखाली एका नवरदेवाच्या सुटाचं कापड. या अल्ला! कापड वाचलं हे त्या नवरदेवाचं नशीब. वळून बघतो तर हे गृहस्थ ताठ उभे. पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या, शर्टाची घडी अशी की माझ्या इस्त्रीला लाज वाटावी.

"गेलो म्हणजे? कुठं गेलो?" मी चिडून विचारलं.

"लढाईत कामी आलात. आता दुकान कोण चालवणार?"

आतून काज-बटण करता करता माझी बायको बोलली, "जाने दो उनको खुशाल. दुकान मैं देखती."

"शाबास, भाभी!" सुभेदार म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी तिला मान दिला तो कायमचा. मला जरा कमीच.

जव्हारच्या बाजारात शिलाईचं दुकान घालून बसलं की माणसं आपोआप बघायला मिळतात. तुमच्याही गावात असा एखादा फौजी असेलच. पण बहुतेक फौजी गोळीबाराच्या गोष्टी सांगतात. आमचे सुभेदार मरणाच्या सरावाच्या सांगायचे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांची वाळवंटात गेली. तिथं मोठ्या लढाईचा सराव व्हायचा. अर्धी फौज निळा देश, अर्धी लाल देश. रणगाडे, तोफा, ट्रक, रसोडा, जखमींच्या गाड्या, सगळं खरं. फक्त गोळ्या खोट्या. आणि गोळ्या खोट्या, मग मेलं कोण हे कसं कळायचं? त्यासाठी पंच असायचे. दंडाला पांढरी पट्टी बांधलेले. सुभेदार त्या पंचांपैकी एक. ऐन हल्ल्यात जायचं, एखाद्या कॅप्टनच्या खांद्यावर दोन बोटं टेकायची आणि सांगायचं, "साहेब, आपण गेलात." साहेबानं निमूट आडवं व्हायचं. मग बाकीच्यांकडे बघून विचारायचं, "आता कोण?"

एकदा मी म्हटलं, "हा काय खेळ झाला, सुभेदार? चांगल्या साहेबाला झोपवून काय मिळतं?"

झालं! माझं कापणीचं टेबल ताब्यात घेतलं त्यांनी. अस्तराचं कापड चुरगळून डोंगर केला, खडूनं नदी ओढली, बटणं मांडून पलटणी केल्या, रिकाम्या रिळांच्या तोफा. फौजेत हल्ल्याच्या आधी असाच वाळूचा नकाशा करतात म्हणे, सगळ्यांना त्याच्याभोवती फिरवतात आणि एकेकाला उभा करून विचारतात, तू कुठून जाणार, तुझ्या डावीकडे कोण, तुझा साहेब पडला तर काय करणार.

"छोट्या भांडणात ओरडलं तरी ऐकू जातं," ते म्हणाले. "मोठ्या लढाईत कुणी कुणाला दिसत नाही. वायरलेस आधी मरतो, मग साहेब मरतो, लढाई चालूच राहते. म्हणून प्रत्येकाला वरच्याचं काम यायला पाहिजे. आणि त्याच्याही वरच्याचं. ते वर्गात शिकवून येत नाही, मास्तर. साहेबाला मारावा लागतो. कोई शक?"

"नाही बाबा," मी म्हटलं. गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं आणि त्याची बटणं लाल देशात अडकली होती.

एका तरुण कॅप्टनची गोष्ट ते हसून हसून सांगायचे. मारलेला कॅप्टन वाळूत उताणा पडला, पण राहवेना. भुवयांनीच हुकूम द्यायला लागला. डावी भुवई वर, म्हणजे डावीकडून जा. सुभेदारांनी जाऊन त्याच्या तोंडावर त्याचीच टोपी ठेवली. "मेलेल्या माणसानं इतकी काळजी करू नये, साहेब."

हे सगळं उभ्यानंच चालायचं. माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी स्टूल आहे, पण सुभेदार त्यावर कधी बसले नाहीत. मी "बसा की" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, फौजेची सवय. तसं नव्हतं. ते पुढं कळलं.

त्यांचं घर साखरशेतला. भाताची दोन खाचरं, वर माळाला नाचणी, चांगलं कौलारू घर, घरात बायको. लेक मोखाड्याकडे दिलेली. असं असून हा माणूस जव्हारला माझ्या गल्लीत एका खोलीत एकटा राहायचा, स्टोव्हवर भात शिजवायचा. विचारलं की म्हणायचे, बँक जवळ, दवाखाना जवळ. रविवारी साखरशेतला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पाहुणासुद्धा एक मुक्काम करतो, असं माझी बायको मलाच सुनवायची, जसं काही मीच त्यांना इकडं आणलं होतं.

मग एका पावसाळी दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यांनी आपणहून सांगितलं. दर रजेला घरी आले की ते बायकोचाही सराव घ्यायचे. आवणीच्या दिवसांत ती खाचरात रोपं लावत असायची, आणि हे बांधावरून म्हणायचे, "मी गेलो. आता आवणी कोण?" ती म्हणायची, "मी." "कौलं कोण शाकारणार?" "मी." "पोरीचं लग्न कोण जमवणार?" "मी." आधी रडायची म्हणे. मग रडणं थांबलं. मग खरंच सगळं करायला लागली. लेकीचं लग्न ठरवून तिनं ह्यांना फक्त तारीख कळवली.

"फर्स्ट क्लास तयार झाली," ते म्हणाले. "मग मी पेन्शनीत आलो. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो. नांगराला हात घातला, तर म्हणाली, तुमी बसा. बियाणं काढायला गेलो, तुमी बसा, झालाय सगला. मास्तर, मी मेलोय असं धरून घर चालवायला मीच शिकवलं. त्या घरात माझ्या नावाचं एकही काम उरलं नाही. सरावात पांढरी पट्टी बांधलेल्याला असंच असतं. निळ्यांचा नाही, लालांचा नाही. त्याच्यावर कुणी गोळी झाडत नाही आणि त्याला कुणी चहाही विचारत नाही."

मला फार वाईट वाटलं. चहा मागवला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला.

त्यांना काम हवं होतं, एवढंच. म्हणून जवळच्या एका आश्रमशाळेनं आग लागली तर बाहेर कसं पडायचं हे मुलांना शिकवायला बोलावलं, तेव्हा स्वारी खुलली. माझ्याकडून नवी पांढरी पट्टी शिवून घेतली, दुहेरी टीप मारून. गणवेशाची मापं घ्यायला मीही त्याच दिवशी तिथं होतो. घंटा झाली, मुलं रांगेत आली, मुख्याध्यापक पुढं होऊन सूचना देणार, तेवढ्यात सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर बोटं टेकली. "सर, आपण गेलात."

"अहो, काय अभद्र बोलता! घरी आई आहे माझी!" सर ओरडले. पण पाहुण्यांसमोर काय करतात, बसले पायरीवर. मग सुभेदारांनी दुसऱ्या गुरुजींना मारलं. आता कोण? मग एका बाईंना मारलं. आता कोण? आणि तिथं त्यांचा हिशेब चुकला. पोरांना मरण भलतंच आवडलं. पहिली रांग धाडकन आडवी. "आमी पन मेलू!" मग दुसरी रांग. बघता बघता सगळी शाळा मैदानात उताणी, खिदळतेय, पाय झाडतेय. मी पोट धरून हसत होतो. आणि मधोमध सुभेदार एकटेच उभे, दंडाला माझी पट्टी.

परत येताना जीपमध्ये तेही हसले. डोळे पुसत म्हणाले, "एकही उरला नाही, मास्तर. असं कधी झालं नव्हतं." मग दंडाची पट्टी सोडून माझ्या मांडीवर ठेवली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बायको आजारी पडली. जव्हारच्या दवाखान्यात आणली. माझी बायको डबा करायची, मी पोचवायचो. बारीक अंगाची बाई, डोळे मात्र जागे. सुभेदार औषध आणायला गेलेले बघून मी विचारलंच, "वहिनी, त्यांना घरी का नाही ठेवून घेत?"

"मी कवा नाय म्हटला?" ती म्हणाली. "मी बसा म्हनते, ते उठून जातात. जलमभर उभा राह्यलेला मानूस. म्हटला, आता बसंल जरा माझ्याजवल. म्हनून तर सगला आधीच उरकून ठेवायची."

मला गप्प राहवेना. खाली दवाखान्याच्या पायरीवर सुभेदार भेटले, तिथंच सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं. हातातली औषधाची पिशवी घट्ट धरली आणि ते पायरीवर बसले. जीप सोडली, तर मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ उठले नाहीत. "मला हुकूम तसा कळला नाही," एवढंच म्हणाले. मग वर गेले आणि तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. तिला घरी नेलं तेव्हाही तसेच तिच्याजवळ बसून राहिले.

पाऊस लागायच्या आधीच ती गेली. मातीला मी साखरशेतला गेलो होतो. सगळं आटोपल्यावर सुभेदारांनी मला बाजूला घेतलं.

"काल दुपारी तिनं हात उचलला," ते म्हणाले. "माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. म्हणाली, मी गेली. आता कोन?"

"मग?" मी विचारलं.

"शब्द निघाला नाही, मास्तर. 'मी' एवढा एक शब्द. वाट बघत होती ती. इतक्या वर्षांत सगळ्या सरावात मीच मेलो. तिला एकदाही मारलं नाही. ते मनातच आलं नाही. बियाणं कुठल्या कणगीत ठेवते तेसुद्धा मला माहीत नाही." आणि मग तो ताठ माणूस माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोरासारखा रडला. मीही रडलो.

लेक म्हणत होती, बाबा, शेत वाट्यानं देऊन टाकू, नाहीतर पड राहील. त्यावर सुभेदार होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. जव्हारची खोली मात्र त्यांनी सोडली. पट्टी माझ्याकडे राहिली होती, शाळेच्या धुळीनं मळलेली. बायकोनं ती धुतली आणि माझ्यामागं लागली, देके आव, देके आव. शेवटी आषाढात एक दिवस मी साखरशेतची गाडी धरली.

घराला कडी होती. पाऊस असा की चार पावलांवरचं दिसेना. खाचराकडे गेलो तर गुडघाभर चिखलात एक इरलं हलत होतं, इरल्याखाली वाकलेला माणूस. लावलेल्या रोपांच्या ओळी बघून मला हसूच आलं. फौजी माणसाच्या ओळी, आणि इतक्या वाकड्या! काही रोपं तर पाण्यावर तरंगत होती.

"सुभेदार!" मी हाक मारली. "पट्टी आणलीय तुमची."

त्यांनी मान वळवली, वर उठले नाहीत. "राहू दे तुमच्याकडेच. आता कुठली पट्टी! तुम्ही बसा, मास्तर. थोडंच राहिलंय."

मी चपला काढायला लागलो, तर पुन्हा म्हणाले, "बसा हो." मग मी छत्री धरून बांधावर बसलो. हात रिकामे घेऊन दुसऱ्याचं काम बघत बसणं किती अवघड असतं ते तिथं कळलं.

तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी चालली होती. पावसात तिला काही ओळखू येईना. थांबली, आणि तिथूनच ओरडली, "कोन हाय रं तठं? तिची आवनी कोन करतो?"

सुभेदारांनी हातातलं रोप चिखलात खोचलं. दुसरं घेतलं.

"मी," ते म्हणाले.