बूर्बाँ बेटाच्या किल्लेदाराची किल्ली

हिंदी महासागरातल्या फ्रेंचांच्या बूर्बाँ बेटावर किल्ला नव्हता, पण किल्लेदार होता. त्याचं नाव जिल्दास. मूळचा जहाजावरचा सुतार. बोट लागते म्हणून कप्तानाने त्याला तिथल्या सँ-पोलच्या किनाऱ्यावर सोडलं, ते कायमचंच. किल्ला बांधायच्या आधी फ्रान्सहून त्याची हातभर लांब किल्ली आली होती. ती सांभाळायला रिकामा माणूस हवा होता, आणि जिल्दासइतका रिकामा कोणीच नव्हता. पगार म्हणून आठवड्याला एक कासव आणि एक सुरई ब्रँडी.

नवा गव्हर्नर आला की जिल्दासने ताटातून किल्ली पुढे करायची, गव्हर्नरने तिला हात लावून परत द्यायची आणि सगळ्यांनी जेवायला जायचं. पाच गव्हर्नर असे सुखाने पार पडले.

सहाव्याने किल्ली परत दिलीच नाही. "दरवाजा कुठंय?"

"हुजूर, दरवाजा असा... व्हायचाय."

"रविवारी मी स्वतः कुलूप लावणार. दरवाजा नसेल तर किल्लेदार कशाला हवा?"

जिल्दासचा चेहरा पडला. त्याची मादागास्करची बायको रासोआ मात्र पोट धरून हसली. "अहो किल्लेदार, आता कासवाऐवजी हवा खा!"

चार दिवस खपून जिल्दासने फुटक्या जहाजाच्या फळ्यांचा दरवाजा तळ्याकाठी उभा केला. दोन्हीकडे भिंत नाही. शेळ्या बाजूने ये-जा करत होत्या. अडचण एकच. बेटावर कुलूप नव्हतं. नुसतं भोक पाडलं होतं.

"भोकात किल्ली फिरवली तर आवाज कुठून येणार?" जिल्दास रडकुंडीला आला.

"मी बसते मागे," रासोआ म्हणाली. "पण ब्रँडी माझी."

"अर्धी."

"बघा बुवा."

रविवारी अख्खी वस्ती जमली. ढोल वाजला. गव्हर्नरने किल्ली घातली, फिरवली. शांतता. पुन्हा फिरवली. दरवाजामागून फक्त शेळी शिंकली.

"किल्लेदार!"

जिल्दास धावत पुढे आला. त्याने दरवाजापुढे लोटांगण घातलं आणि फटीला तोंड लावून कुजबुजला, "सगळी! सगळी तुझी!"

"खट्ट!" दरवाजा खणखणीत म्हणाला.

गव्हर्नर प्रसन्न झाला. "याला लोटांगण लागतं वाटतं?"

"नवा आहे, हुजूर. लाजतो."

"मग रोज सकाळ-संध्याकाळ घालत जा. मी किल्ली घेऊन येईन."

जिल्दासची नोकरी राहिली. तो वारला तेव्हा अकरावा गव्हर्नर होता. तोवर त्याने रोज दोनदा दरवाजापुढे लोटांगण घातलं, आठवड्याचं कासव खाल्लं आणि ब्रँडीचा नुसता वास घेतला. रासोआ मागे सुरई घेऊन आरामात बसायची. कधी कधी लहर आली की ती एकदाऐवजी दोनदा खट्ट करायची. मग कुलूप लागून परत उघडलं असं वाटून बिचारा गव्हर्नर चक्रावून पुन्हा किल्ली फिरवायचा.