सत्तेचाळिसाव्या पानाचा तळ

माझा दोस्त आकाराम हा माणदेशी मेंढपाळ. वय पंच्याहत्तर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण मेंढरू नुसतं खोकलं तरी याला दुखणं कळतं. एकदा माझ्या शेळीकडं लांबूनच बघून म्हणाला, "हिनं तुझा टावेल खाल्लाय." खरंच खाल्ला होता! ते असो.

त्याची एक रीत होती. औषध हातात ठेवण्याआधी ते कुणाचं, हे सांगणार. पोट फुगल्यावरचा काढा देताना दर वेळी म्हणायचा, "ह्यो भामाबाईचा, माझ्या सासूचा. गाभण मेंढीला पाजायचा न्हाई. तिच्या दोन मेंढ्या गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली, तवा तिला कळलं." एवढं ऐकून घेतल्याशिवाय कुणाला काढा मिळत नसे.

तीन वर्षांपूर्वी सांगलीहून धैर्यशील नावाचे प्राध्यापक आले. तीन दिवस भाकरी-कालवण ओरपून त्यांनी सगळे उपचार मोबाइलमध्ये भरून घेतले. आकारामानं अट एकच घातली, "भामाबाईचं बोलणं तोडायचं न्हाई." सरांनी चक्क गळ्याची शपथ घेतली. मी समोरच बसलो होतो.

यंदा त्याचं हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. माझी गावच्या शाळेतली सातवी, म्हणून वाचायला मीच. पान सत्तेचाळीसवर काढा होता. पाले कोणते, पाणी किती, आटवायचं किती, सगळं बिनचूक. भामाबाई नाही, गाभण मेंढीही नाही. आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात नऊ ओळी!

"ते खाली मुंग्यांगत काय रं?" आकाराम म्हणाला.

"तळटीपा. वरची गोष्ट कुणाकडनं घेतली, कुठं जपायचं, ते तिथं लिहितात."

"म्हंजी मी तोंडानं सांगतो तेच की. मग वाच."

वाचलं. सगळी परदेशी पुस्तकांची नावं. मेंढीच्या पोटाला कप्पे किती, याला तीन पुरावे! मला शिसारी आली. ते कप्पे आकारामानं काय कधी पाहिले नव्हते?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एसटीनं सांगली गाठली. सरांच्या खोलीत याच पुस्तकाच्या प्रतींनी भरलेलं कपाट होतं.

"आजोबा, संदर्भ छापील लागतो," सर गोड हसले. "भामाबाई म्हणजे काही पुस्तक नाही. पुढच्या आवृत्तीत बघू." आणि आकारामापुढं शाल धरली. शाल कोरी करकरीत, पण तिला हात लावायचीसुद्धा मला किळस वाटली.

"आवं सर, तवर गाभण मेंढ्यांनी दम धरायचा व्हय?"

सर शालीची घडी घालू लागले.

आकारामानं कपाटाकडं बोट केलं. "गड्या, पेन काढ."

एकशे बारा प्रती होत्या. प्रत्येकीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर, त्या परदेशी नावांच्याही खाली, मी लिहीत गेलो : 'हा काढा भामाबाईचा. गाभण मेंढीला देऊ नये. तिच्या दोन मेंढ्या गाभडल्या होत्या.'

"अहो, पुस्तक खराब होतंय!" सर एकदा कळवळले.

"खराब तुमी केलंय. आमी धुतोय."

संध्याकाळपर्यंत माझं बोट सुजलं, पण लिहायला इतकी मजा मला जन्मात आली नव्हती. निघताना आकारामानं विचारलं, "इकली किती?"

"दोनशे," सर पुटपुटले.

तेव्हापासून आम्ही दोघं आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात फिरतो. आकाराम ओरडतो, "हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक कुणाकडं हाय का रं?" पेन माझ्या खिशात असतंच. आतापर्यंत एकोणीस सापडली. सर अजून पुढच्या आवृत्तीचंच बोलतात. थू!